माणूस आणि पुरुष

गेला महिनाभर मॅकबेथ वाचतेय. आयुष्यातली ही तिसरी खेप. पहिल्यांदा भेटला तो शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधून, बी.ए.ला असताना. आमचं बी.ए. मराठी माध्यमाचं, त्यामुळे शेक्सपिअर आमच्याकडे आला तो मराठी बोलतच आला. दुसऱ्यांदा शाळेत नोकरी लागल्यावर, टीपांच्या इंग्रजी प्रतीतून, मांडीवर शब्दकोश घेऊन. आणि आता निवांत, घाई नाही, परीक्षा नाही, तपासायला वह्या नाहीत. दिवसाला दोन-तीन पानं झाली तरी पुष्कळ.

या खेपेला एका शब्दाने मला सारखं अडवलं. शब्द अगदी साधा, पहिलीच्या पोरालाही येणारा. 'मॅन'.

मंडळी, आपल्याकडे या एका शब्दाला दोन शब्द आहेत. माणूस आणि पुरुष. आणि आपला 'माणूस' तर फारच ऐसपैस. 'तो माणूस' म्हणता येतं, 'ते म्हातारं माणूस' म्हणता येतं. गडीमाणूस असतो तसं बाईमाणूस असतं. घरचं माणूस म्हटलं की त्यात सासू, सून, आजोबा, तान्हं बाळ सगळी बसतात. इंग्रजीत मात्र 'मॅन' म्हणजे माणूसही आणि पुरुषही. बोलणारा एका अर्थाने बोलतो, ऐकणारा दुसऱ्या अर्थाने ऐकतो, आणि मधल्या फटीत काय वाटेल ते घडू शकतं. मॅकबेथमध्ये त्या फटीत एक राजा, एक मित्र, एक बाई, तिची पोरं आणि एक चांगला संसार एवढं सगळं गडप होतं. मला तरी आता ते नाटक असंच दिसतं.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅकबेथ हा स्कॉटलंडचा सरदार, मोठा लढवय्या. तीन चेटकिणी त्याला सांगतात, तू राजा होशील. बायको म्हणते, वाट कसली बघतोस? राजा डंकन पाहुणा म्हणून घरी आलेला असताना मॅकबेथ त्याला झोपेत मारतो आणि सिंहासनावर बसतो. मग ते टिकवायला आणखी खून. मित्र बँको, मॅकडफची बायको-मुलं.. शेवटी मॅकडफच्या हातून मॅकबेथ मरतो. नाटक साधारण १६०६चं, छापलं गेलं १६२३मध्ये.

आता त्या शब्दाकडे येते.

पहिल्या अंकात खून करायचा की नाही यावर नवरा-बायकोचं बोलणं होतं. मॅकबेथचा पाय मागे येतो. राजाने नुकताच मानसन्मान दिलाय, तो आपला पाहुणा आहे, आपला नातलग आहे. तो बायकोला म्हणतो की मॅनला शोभेल तेवढं सगळं करायची माझी छाती आहे, त्यापलीकडे जो जाईल तो मॅनच नव्हे. इथे त्याच्या मनात 'माणूस' आहे हे उघड आहे. माणूसपणाला एक हद्द असते, ती ओलांडली की माणूस उरत नाही, असं तो म्हणतोय. नाटकातलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं, आणि ते खुनी होणाऱ्याच्याच तोंडी!

बायको काय करते? ती आधी तोच अर्थ पकडून टोमणा मारते, मग हा बेत पहिल्यांदा सुचवला तेव्हा तुझ्या आत कोणतं जनावर होतं म्हणून. आणि पुढच्याच श्वासात शब्द उलटवते. तेव्हा धाडस होतं तेव्हा तू खरा मॅन होतास, म्हणते. म्हणजे आता 'पुरुष'. नवरा माणूसपणाबद्दल बोलत होता, बायकोने ते मर्दानगीवर आणून ठेवलं. आणि त्याला ते कळलंही नाही. दहाबारा ओळींत गडी तयार!

आपल्याकडे हे कुणी समजावून सांगायला नको. 'बांगड्या भरल्यात का हातात?' हे वाक्य गावच्या पारावर, कारखान्याच्या गेटवर, निवडणुकीच्या सभेत, सगळीकडे ऐकलेलं आहे. शाळेच्या मैदानावर तर मी ते अडतीस वर्षं ऐकलं. त्या वाक्याला उत्तर नसतं. चांगला विचार करून थांबलेला मुलगाही ते ऐकल्यावर उडी मारतो. भिंतीवरून मारली तर हात मोडतो, मारामारीत मारली तर दुसऱ्याचं डोकं फुटतं. मॅकबेथलाही याहून निराळं काही झालं नाही.

इथे बहुतेकजण म्हणतात, बघा, बाईच्या नादी लागला आणि बुडाला. वर्गातही मुलं लेडी मॅकबेथला पाचवी चेटकीण करून टाकायची. (चौथी कोण, तर हेकॅटी. नाटकात तीही आहे.) मला हे कधीच पटलं नाही. नाटक सुरू होतं तेव्हा लेडी मॅकबेथ रंगमंचावर आलेलीही नसते. एक जखमी सैनिक राजाला सांगतो की मॅकबेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत कसं उभं चिरलं. आणि राजा डंकन, ज्याला सगळे साधुपुरुष म्हणतात, तो हे ऐकून काय करतो? कौतुक! त्याच कर्तबगारीवर मॅकबेथला नवी सरदारकी मिळते. म्हणजे मारतो तो मर्द हे नाणं त्या राज्यात आधीपासूनच चालत होतं, त्यावर राजाचाच शिक्का होता. बाईने फक्त ते घरच्या व्यवहारात वापरलं.

आणि तिने ते वापरण्यासाठी स्वतःचं काय मोडून दिलं तेही बघायला हवं. नवऱ्याचं पत्र वाचून झाल्यावर ती अदृश्य शक्तींना विनवते की माझ्यातलं बाईपण काढून घ्या, माझं दूध कडू करा, मला दया येऊ देऊ नका. क्रौर्य जन्मतःच अंगात असतं तर मागावं लागलं असतं का? जे आपल्याकडे नाही तेच माणूस मागतं. पुढे खुनाच्या रात्री ती पटकन बोलून जाते की झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. म्हणजे मागितलेलं मिळालं नाहीच. लेकीचं मन तसंच शिल्लक होतं.

इंग्लंडमधली फार गाजलेली नटी सारा सिडन्स हिने लंडनला १७८५मध्ये ही भूमिका केली. प्रेक्षक तिला पाहून हादरायचे म्हणतात. पण तिने स्वतः लिहून ठेवलंय की तिच्या मनातली लेडी मॅकबेथ गोरी, नाजूक, जवळजवळ दुबळी अशी बाई होती. मला हे वाचून फार बरं वाटलं. कैदाशीण नव्हे, आपल्यातलीच एक बाई. नवऱ्याच्या मोठेपणात आपला वाटा शोधणारी, कारण स्वतःच्या नावावर मोठं व्हायची दुसरी सोय तिला नव्हती.

आणखी एक गंमत. शेक्सपिअरच्या काळी इंग्लंडच्या धंदेवाईक रंगभूमीवर बायका नव्हत्या, त्यांच्या भूमिका मुलगे करायचे. म्हणजे 'माझं बाईपण काढून घ्या' हे म्हणणारा झग्यातला एक पोरगा! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या आजी-पणजीच्या पिढीने बालगंधर्वांना (१८८८–१९६७) पाहून नऊवारी कशी नेसावी, गजरा कसा माळावा हे उचललं. बाईपण कसं असावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! मग मर्दानगी तरी काय, तीही शिकवलेलीच. कुणीतरी सांगितलं छाती काढून उभा राहा, कुणीतरी सांगितलं रडू नको, आणि रोज तालीम करून करून ती अंगात मुरली. नाटकातल्या चेटकिणींना शेक्सपिअरने दाढ्या दिल्यात. बँकोला कळेना या बाया म्हणाव्यात की बुवा. मला वाटतं नाटकभर आपल्यालाही तेच कोडं पडावं अशी लेखकाची इच्छा असावी.

एकदा का हा खोटा अर्थ घरात शिरला की तो कसा पसरतो ते बघण्यासारखं आहे. तिसऱ्या अंकात मॅकबेथ बँकोला मारायला मारेकरी ठरवतो, तेव्हा बायकोने त्याच्यावर चालवलेलं हत्यार तो त्यांच्यावर चालवतो. ते म्हणतात आम्हीही मॅन आहोत. तो म्हणतो, हो, यादीत तुमचं नाव आहे खरं, जसं शिकारी कुत्रं आणि गल्लीतलं कुत्रं दोन्ही कुत्र्यांच्याच यादीत असतात. वरचे तुम्ही की खालचे ते दाखवा. झालं, गडी तयार! मेजवानीत बँकोचं भूत दिसून मॅकबेथ घाबरतो तेव्हा बायको पुन्हा तेच विचारते, तू पुरुष आहेस ना? शेगडीशी बसून आजीने सांगितलेल्या भुताच्या गोष्टींना शोभेल असं घाबरतोयस, म्हणते. भूत गेल्यावर तोही म्हणतो, आता मी पुन्हा पुरुष झालो. बिचारा! खरं म्हणजे ज्या घटकेला तो घाबरला होता, तेवढी एकच घटका तो माणूस होता.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. नवरा तिच्या व्याख्येतला पक्का पुरुष झाल्यावर त्याला बायकोची गरज उरली नाही. पहिल्या अंकात पत्रात तो तिला आपल्या मोठेपणातली भागीदार म्हणतो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांत इतकं एकमेकांना धरून असलेलं दुसरं जोडपं मला तरी आठवत नाही. तिसऱ्या अंकात तो बँकोच्या खुनाचा बेत तिला सांगतच नाही, तुला ठाऊक नसलेलंच बरं म्हणतो. चौथ्या अंकात ती दिसतच नाही. पाचव्यात दिसते ती झोपेत चालताना, हातात दिवा, न निघणारा डाग धूत. शेजारी वैद्य आणि दासी. नवरा कुठाय? तो लढाईच्या तयारीत. मर्दाची कामं करतोय.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती. ती या वाचनातच माझ्या लक्षात आली. या नाटकात दोन नवऱ्यांना बायको मेल्याची बातमी कळते.

पहिला मॅकडफ. तो परदेशात, इंग्लंडमध्ये, राजपुत्र माल्कमकडे गेलाय. मागे मॅकबेथने त्याच्या गढीवर माणसं पाठवून बायको, मुलं, नोकरचाकर सगळे कापून काढले. रॉस ही बातमी घेऊन येतो. मॅकडफ टोपी डोळ्यांवर ओढून घेतो. मग पुन्हा पुन्हा विचारत राहतो. मुलंसुद्धा? बायकोसुद्धा? सगळी? उत्तर मिळालेलं असतं तरी विचारतो. ज्यांनी अशी बातमी ऐकलीय त्यांना ठाऊक आहे, असंच होतं. कान ऐकतात, पण मन पावती देत नाही. माल्कम तरुण आहे. आधी तो शहाण्यासारखं म्हणतो की दुःख बोलून टाक, कोंडू नको. पण लगेच घाई करतो, मॅनसारखा उभा राहा म्हणतो. त्यावर मॅकडफ जे सांगतो त्याचा भाव असा, की उभा तर मी राहीनच, पण आधी मॅनसारखं हे मला सोसूही दे. मंडळी, तोच शब्द! एकाने 'पुरुष' म्हणून टाकला, दुसऱ्याने 'माणूस' म्हणून उचलून घेतला. पहिल्या अंकात लेडी मॅकबेथने जो शब्द पळवला होता तो इथे मॅकडफने परत आणला.

दुसरा मॅकबेथ. पाचव्या अंकात आतून बायकांच्या किंकाळ्या ऐकू येतात. काय झालं विचारतो. उत्तर येतं, राणीसाहेब गेल्या. आणि हा एवढंच म्हणतो की आज ना उद्या ती जायचीच होती, अशा बातमीला पुढे कधीतरी वेळ मिळाला असता. त्यानंतरचं उद्या, उद्या करत सरकणाऱ्या दिवसांचं भाषण जगप्रसिद्ध आहे. त्यात खोल दुःख आहे असं थोर टीकाकार म्हणतात, असेलही. पण त्या भाषणात ती कुठे आहे? तिचं नाव नाही, तिचा एक शब्द नाही, ती कशी गेली हे विचारणं नाही. रडायची शिरच त्याने कापून टाकलेली. त्याच थोड्या वेळापूर्वी तो स्वतःच म्हणालेला असतो की भीतीची चव मी विसरलो. भीतीबरोबर बाकीचंही गेलं. गड्याने मर्दानगी कमावली आणि किंमत दिली ती ही.

दोन वर्षांपूर्वी आमचे 'हे' गेले. ब्लॉगवर मी त्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही. त्या दिवशी स्मशानातून परतलेल्या मंडळींकडून मला कळलं की आमच्या तेरा वर्षांच्या नातवाचे डोळे भरून आले, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, 'रडायचं नाही, तू पुरुष आहेस, आता आजीला तू सांभाळायचं.' कोण ते घरच्यांना कळेल, पण मला त्यांचा राग नाही. त्यांनाही तेरा-चौदाव्या वर्षी कुणीतरी अशीच थाप मारली असणार. पोरगं थांबलं. दहाव्यालाही रडलं नाही, तेराव्यालाही नाही. पाहुण्यांना पाणी दिलं, चपला लावल्या, सतरंज्या घातल्या. सगळे म्हणाले, किती समजूतदार! मला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्या आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून तो मोठा झाला, ज्यांच्याशी रोज रात्री कॅरम खेळून भांडला, त्यांच्यासाठी त्याला रडायची परवानगी नव्हती. पुढे कित्येक महिने पोट दुखतं म्हणायचा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. कॅरमबोर्ड कपाटामागे गेला तो अजून तिथेच आहे.

आज तो पंधरा वर्षांचा आहे, ओठांवर मिसरूड फुटतंय. घरातलं कुणी अजून त्याला 'आमचा खंदा पुरुष' म्हणतं तेव्हा तो हसतो, आणि मला मॅकडफची टोपी आठवते. तीही बिचारी डोळे लपवायलाच होती, पण ती निदान काढता येते.

मॅकडफनेही शेवटी तलवारच काढली, असं कुणी म्हणेल. खरंय. माल्कम त्याच्या दुःखालाच सहाण करतो, त्यावर तलवार पाजळ म्हणतो, आणि मॅकडफ रागाने उठल्यावर समाधानाने म्हणतो की हा सूर मर्दानी लागला. नाटक काही भाबडं नाही. शेवटच्या लढाईत म्हाताऱ्या सीवर्डला कळतं की त्याचा तरुण मुलगा पडला. तो एकच विचारतो, जखमा समोरून होत्या ना? हो म्हटल्यावर त्याला पुरे. माल्कम म्हणतो, तो याहून जास्त दुःखाच्या लायकीचा होता. बाप म्हणतो, नाही, एवढंच पुरे. मॅकबेथ मेला, राज्य सुधारलं, टाळ्या! पण ज्या नाण्याने हे सगळं सुरू झालं तेच पुन्हा चालू झालंय, आणि शेवटी रंगमंचावर एकही बाई उरलेली नाही. मॅकबेथला जो मारतो तोसुद्धा बाईच्या पोटातून नेहमीच्या रीतीने न जन्मलेला, पोट चिरून काढलेला. जणू त्या राज्याला बाईशिवायच भागवायचंय.

इतिहासातला मॅकबेथ असा नव्हता हेही सांगून टाकते, नाहीतर इतिहासाच्या बाई म्हणून माझी झोप उडेल. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ असा सतरा वर्षं राज्य करून गेला, आणि डंकन लढाईत पडला, पाहुणा म्हणून झोपेत नव्हे. त्याच्या बायकोचं नाव ग्रुओख. तिला आधीच्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, लुलाख. मॅकबेथनंतर काही महिने तोच राजा झाला. नाटकातली बाई म्हणते मी मूल पाजलंय, पण मूल कुठे दिसत नाही. त्यावरून 'लेडी मॅकबेथला मुलं किती?' असा चेष्टेचा मथळा देऊन एल. सी. नाइट्स नावाच्या इंग्रज टीकाकाराने १९३३मध्ये निबंधच लिहिला होता. नाटकातल्या पात्रांच्या असल्या खासगी चौकशा करू नयेत असं त्याचं म्हणणं. टीकाकार म्हणून त्याचं बरोबर असेल. पण मी आजी आहे, मला चौकशा केल्यावाचून राहवत नाही. ते मूल होतं, गेलं, आणि त्याच्यासाठी त्या दोघांना धड रडू दिलं नसेल कुणी, असं मला राहून राहून वाटतं. पुरावा मागू नका. :-)

आपल्या भाषेत 'माणूस' आणि 'पुरुष' हे शब्द वेगळे आहेत ही केवढी सोय आहे! इंग्रजाला एकाच शब्दात दोन्ही कोंबावे लागले, आपल्याला नाही. मग आपण का ती गल्लत करतो? कुणाच्या घरी मयत झाली, मुलगा दाराशी उभा असला, आणि पाठीवर थाप मारायला हात उचललाच, तर हात तसाच राहू द्यावा. नुसता राहू द्यावा. बोलायची गरज नाही.

नातू हे वाचेल की नाही ठाऊक नाही, त्याला आजीचा ब्लॉग म्हणजे झोपेचं औषध. पण वाचलंसच बाळा, तर रविवारी ये. कपाट जरा जड आहे, मला एकटीला सरकत नाही. आणि खेळताना मध्येच रडू आलं तर खेळ थांबवायचा, सोंगट्या जिथल्या तिथे ठेवायच्या, आणि झालं की पुन्हा सुरू करायचं. मी पण तसंच करणार आहे.